कुठे माशी शिंकली?

आमच्या नातीच्या टेबलावर एक चपटी प्लॅस्टिकची डबी असते. डबीत कप्पे, कप्प्यांत अंगठ्याच्या नखाएवढ्या गोल चकत्या आणि प्रत्येक चकतीच्या मधोमध एक भोक. गेल्या महिन्यात आमच्या न्हाणीघरातला नळ गळू लागला. मी सेवानिवृत्त माणूस. घरात काहीही गळू लागलं की ती माझी जबाबदारी, असा आमच्याकडे अलिखित ठराव आहे. मी त्या डबीतली एक चकती उचलली आणि 'हा वायसर बसतोय का बघ' म्हणून नळवाल्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती उजेडात धरली, एक डोळा मिटून भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, ही वस्तू नळाची न्हाई. पर ह्यातनं तुमचं नाक लई झ्याक दिसतंय."

नळवाल्याची परीक्षा अचूक होती. ती वस्तू पाणी अडवण्याची नसून बघण्याचीच होती. संध्याकाळी घरात जो काही गोळीबार झाला, त्यात मला हे समजलं.

"आबा, माझी चार पूर्णांक एकची रिंग कुठाय? उद्या मॅच आहे आणि तुम्ही माझं फ्रंट साइट नळाला लावायला निघालात?"

"फ्रंट साइट?" मी म्हटलं. "म्हणजे माशी?"

"माशी काय आबा! रिंग, रिंग!"

या मुलीला रायफल चालवता येते, पण मराठी येत नाही, असं मी मनातल्या मनात म्हणालो. उघड म्हणायची सोय नव्हती, कारण चकती अजून नळवाल्याच्या खिशात होती.

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी जो इवलासा उंचवटा असतो, त्याला आपल्या जुन्या मंडळींनी माशी म्हटलं आहे. नळीच्या तोंडाशी माशी बसल्यासारखी दिसते म्हणून माशी. आणि गंमत अशी, की ही माशी आपल्याच बंदुकीवर बसलेली नाही. रशियन भाषेत तिला 'मुश्का' म्हणतात. मुश्का म्हणजे छोटी माशी! पोलंडमध्ये तीच 'मुष्का'. जर्मन माणूस मात्र शेतकरी वृत्तीचा. त्याला तिथं माशी न दिसता 'कोर्न', म्हणजे धान्याचा दाणा दिसला. इंग्रजानंही वर निमुळत्या होत जाणाऱ्या माशीला जवाचा दाणा, 'बार्लीकॉर्न' म्हटलं. फ्रेंचांनी माशी उचलली ती पार दुसऱ्या टोकाला नेऊन बसवली. त्यांच्याकडे लक्ष्याच्या ऐन मध्याला 'मूश', म्हणजे माशी म्हणतात. थोडक्यात, रशियन माणूस माशीवरून बघतो आणि फ्रेंच माणूस माशी मारतो. माशा मारत बसणं हा आमच्याकडे बेकारांचा धंदा समजला जातो. फ्रान्समध्ये त्याबद्दल पदक मिळतं.

आता ही माशी आणि ते लक्ष्य, यांचं भांडण काय आहे ते सांगतो. कारण गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत नेमबाजांनी जेवढ्या खटपटी केल्या, त्या सगळ्या या दोघांचं जमवून देण्यासाठी होत्या.

आपल्या सगळ्यांना शाळेत अर्जुनाची गोष्ट सांगितलेली असते. द्रोणाचार्यांनी विचारलं, काय दिसतं? इतरांना झाड दिसलं, आकाश दिसलं, गुरुजी दिसले. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला. आमच्या मास्तरांनी तो पोपट केला होता. शाबास अर्जुना! ही गोष्ट ऐकून मी आयुष्यात एकदाच हातात बंदूक धरली आणि आयुष्यात एकदाच कुणाचं तरी कायमचं नुकसान केलं. कारण साध्या माशीच्या बंदुकीला अर्जुनाचं उत्तर चालत नाही. बंदुकीच्या शाळेत तो नापास!

कारण साधं आहे. माणसाच्या डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्वच्छ दिसते. मागचं साइट डोळ्याजवळ, माशी हातभर पुढे आणि लक्ष्य लांब. तिन्ही एकदम लख्ख दिसणं ब्रह्मदेवानं डोळा बनवताना मंजूर केलेलं नाही. मग कुणाकडे बघायचं? अडाणी माणूस म्हणतो, अर्थात लक्ष्याकडे! आणि तिथंच फसतो. लक्ष्य जरा पुसट दिसलं तरी चालतं, कारण ते हलत नाही. माशी हलते. ती केसभर सरकली तर गोळी तिकडे वीतभर सरकते. म्हणून जगातला प्रत्येक उस्ताद एकच मंत्र देतो: माशी स्पष्ट, लक्ष्य धूसर. द्रोणाचार्य जर रायफलचे कोच असते तर त्यांना उत्तर हवं होतं, "गुरुजी, मला फक्त बाणाचं टोक दिसतं. पोपट आहे की कावळा, कल्पना नाही."

पोपटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. युरोपातही नेमबाजीचं पहिलं प्रसिद्ध लक्ष्य पोपटच होतं. उंच काठीच्या टोकाला लाकडाचा रंगीत पोपट बांधायचा आणि खालून बाण मारायचे. पुढे आडव्या धनुष्यानं, मग बंदुकीनं. जो तो पाडील तो त्या वर्षापुरता राजा. स्कॉटलंडमध्ये किलविनिंग नावाच्या गावात अजूनही मठाच्या मनोऱ्यावरून काठी बाहेर काढून असा पोपट टांगतात. जर्मन आणि स्विस गावांत लाकडी फळ्यांवर चित्रं रंगवून त्यांवर नेम धरत. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाची फजिती. साल्झबर्गला संगीतकार मोझार्टच्या घरी इष्टमित्र जमून हवेच्या बंदुकीनं चित्रांवर बाण मारण्याचा खेळ चाले आणि चित्रात जमलेल्यांपैकीच एखाद्याची टिंगल असे. घरातल्या माणसाचं व्यंगचित्र काढून त्यावर नेम धरायचा, ही कल्पना मला फारच आवडली. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला सुचवून पाहणार आहे.

पण चित्र हे साध्या माशीला सोयीचं लक्ष्य नव्हे. चित्रात नेमकं कुठं मारायचं? नाकावर म्हटलं तर नाक पुसट दिसतंय. मग चित्र गेलं, आणि राहिला तो काळा डाग. काळाच का? माशी काळी असते. काळी माशी पांढऱ्या कागदावर स्वच्छ उमटते आणि काळ्या डागात शिरली की नाहीशी होते. म्हणून युक्ती अशी, की माशी डागाच्या आत न्यायचीच नाही. तिचं टोक डागाच्या बरोबर खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी टेकवायचं. बोटाच्या टोकावर जांभूळ तोलून धरल्यासारखं दिसायला हवं. साइट अशी लावून ठेवलेली असते, की नेम जांभळाच्या बुडाला आणि गोळी मात्र जांभळाच्या पोटात. बघायचं एकीकडे आणि मारायचं दुसरीकडे. राजकारणातली मंडळी या खेळात मागे का, हे एक कोडंच आहे.

विलायतेत या प्रकाराला राजमान्यता मिळाली ती 2 जुलै 1860 ला. टेनिसचं विंबल्डन व्हायच्या आधी विंबल्डनचं माळरान बंदुकांसाठी प्रसिद्ध होतं. तिथं राष्ट्रीय स्पर्धांच्या उद्घाटनाची पहिली गोळी स्वतः व्हिक्टोरिया राणीनं झाडली. अंतर चारशे यार्ड आणि गोळी लागली मध्यापासून फक्त सव्वा इंचावर! आता राणीच्या नेमबाजीचं कौतुक करण्याआधी थोडं थांबा. ती व्हिटवर्थ रायफल लोखंडी चौकटीत आधीच नेम धरून घट्ट आवळून ठेवली होती. राणीनं फक्त दोरी ओढली. माशी नाही, लक्ष्य नाही, काही बघायची गरज नाही. माणसं आधी सगळं जमवून ठेवतात आणि राणी दोरी ओढते. साम्राज्यही बहुधा याच पद्धतीनं चालत असावं.

त्या काळची लक्ष्यं लोखंडी पत्र्यांची असत. गोळी लागली की घंटेसारखा आवाज होई. आडोशाला बसलेला माणूस काठीच्या टोकाची चकती दाखवून कुठं लागली ते सांगे आणि पत्र्यावर शिशाचा डाग पडे तो ब्रशानं रंग फासून बुजवी. पुढे तीन गुणांच्या कड्याला 'मॅगपाय' असं पक्ष्याचं नाव पडलं, कारण ते दाखवायची चकती त्या पक्ष्यासारखी काळीपांढरी होती. म्हणजे पोपट गेला तरी पाखरांनी पिच्छा सोडला नाही.

याच लोखंडी पत्र्यांवर 26 सप्टेंबर 1874 ला न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला जो सामना झाला, त्याच्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला आहे. आयर्लंडच्या नेमबाजांनी आदल्या वर्षी विंबल्डनची एल्को ढाल जिंकली होती. त्या तोऱ्यात त्यांच्या मेजर लीचसाहेबांनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातून अमेरिकेला आव्हान दिलं. संघ सहा-सहा जणांचे. अंतरं 800, 900 आणि 1000 यार्ड. पत्रा बारा फूट रुंद, सहा फूट उंच आणि त्यात तीन फुटांचा काळा चौकोन. तीन फूट म्हणजे केवढा मोठा, असं वाटेल. हजार यार्ड म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. तिथं तीन फुटांचा चौकोन मोहरीएवढा दिसतो आणि दुर्बीण नाही! आयरिश लोकांच्या बंदुका तोंडातून ठासायच्या, अमेरिकनांच्या मागून भरायच्या. पण माशीच्या बाबतीत दोघेही आपापल्या परीनं शौकीन. नळीच्या टोकाशी साधी माशी न ठेवता तिला छोट्या नळकांड्यात बसवलेली, म्हणजे उन्हाची तिरीप पडून ती चमकू नये. नळकांड्यात घालायला वेगवेगळे तुकडे: कुणाला टाचणीच्या डोक्यासारखी माशी आवडे, कुणाला बारीक कडं. जसा उजेड, जसं लक्ष्य, तशी माशी. आमच्या नातीच्या डबीची ही खापरपणजी!

सामना संपत आला. आयर्लंडचे गुण 931, त्यांची शेवटची गोळीही झाडून झाली. अमेरिकेचे 930 आणि एक गोळी शिल्लक. ती कर्नल जॉन बोडाइन यांच्याकडे. नेमक्या त्याच वेळी त्यांना तहान लागली. कुणीतरी जिंजर बिअरची बाटली हातात दिली, ती फुटली आणि काच हातात घुसली. जखमेला रुमाल गुंडाळून कर्नलसाहेब आडवे झाले. गोळी सुटली, आणि हजार यार्डांवरून लोखंडाचा आवाज आला. काळ्या चौकोनात! चार गुण. 934 विरुद्ध 931. अमेरिका तीन गुणांनी जिंकली.

बोडाइनचा रुमाल सगळे आठवतात. मला आठवतो मिल्नर. जे. के. मिल्नर हा आयरिश संघातला नेमबाज. त्याच दिवशी त्यानं एक गोळी अगदी काळ्या चौकोनात बसवली होती. चार गुणांची गोळी. फक्त ती शेजारच्या पत्र्यावर होती. नियमाप्रमाणे शून्य. हरले किती गुणांनी? तीन.

मिल्नरचं मन मला जितकं कळतं तितकं आयर्लंडमध्येही कुणाला कळलं नसेल. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर 1972 सालात, कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या मैदानावर यावं लागेल.

मी एनसीसीत होतो. का होतो ते विचारू नका. परेडनंतर मिळणाऱ्या नाश्त्याचा त्यात सिंहाचा वाटा होता. एक दिवस आम्हाला चांदमारीला नेलं. काळ्या डागाला चांद म्हणणारा माणूस कवी असला पाहिजे. पॉइंट-टू-टू रायफल, पंचवीस यार्ड, प्रत्येकी पाच गोळ्या, मोजून दिलेल्या आणि रिकामे खोके मोजून परत घेणार. आमचे हवालदारसाहेब नेम धरायला 'शिस्त लेना' म्हणत. जुन्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला वाटलं, नीट झोपा असं सांगताहेत. मी शिस्तीत झोपलो.

"फोरसाइट का टिप देखो, टार्गेट नहीं!" हवालदारसाहेब ओरडत होते. त्याआधी पहिल्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: आपल्या टार्गेटचा नंबर वर लिहिलेला असतो, तो आधी बघा. पण माझ्या डोक्यात अर्जुन! मला फक्त चांद दिसत होता. इतका दिसत होता, की तो कुणाचा, हा क्षुद्र विचार मनाला शिवला नाही. पाच गोळ्या झाडल्या. उठून बघायला गेलो. माझा कागद कोराकरकरीत, धुतल्या तांदळासारखा. आणि उजव्या हाताच्या शेजाऱ्याच्या कागदावर दहा भोकं!

त्यातली पाच एका आठ आण्याच्या नाण्याखाली झाकली असती. उरलेली पाच अंगावर कांजिण्या उठाव्यात तशी.

हा शेजारी माझा वर्गमित्र. राधानगरीकडचा. रोज पहाटे सायकलनं परेडला यायचा. फायरिंगच्या संघात निवड झाली, तर सैन्यभरतीच्या वेळी कागदाला वजन येईल, असं त्याच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी संघ निवडला जाणार होता.

"गलत टार्गेट पे किसने फायर किया?" हवालदारसाहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "साब, मेरा सब बाहर गया."

वाचकहो, त्या वयात पाचही गोळ्या आभाळात घालवणं मला त्यातल्या त्यात प्रतिष्ठेचं वाटलं. दुसऱ्याच्या ताटात जेवल्याचं कबूल करण्यापेक्षा उपाशी राहिल्याचं सांगणं बरं. हवालदारसाहेबांनी माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि लगेच विश्वास ठेवला. माझ्या कुवतीवर इतका निःसंशय विश्वास त्यानंतर फक्त माझ्या बायकोनं दाखवला आहे. दहा भोकांतली पाच कुणाची, हे ठरेना. पुन्हा झाडायला गोळ्या शिल्लक नव्हत्या. तो कागद रद्द झाला आणि संघाच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, कागद घडी करून खिशात घातला आणि सायकलकडे गेला. नाश्ता न करता.

त्यानंतर बंदुकीला मी हात लावला नाही, पण बंदुकीविषयी वाचत मात्र राहिलो. चोर पुन्हा चोरीच्या जागी घुटमळतो, त्यातला प्रकार.

वाचता वाचता कळलं, की मिल्नरनंतर माणसांनी माशी सुधारायचं केवढं मनावर घेतलं. 1879 मध्ये अमेरिकेत विल्यम लायमन यानं डोळ्याजवळच्या साइटचं पेटंट घेतलं. त्यात खाच नाही, गोल भोक. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की गोल भोकातून बघताना डोळा आपोआप मध्य शोधतो, त्याला शिकवावं लागत नाही. खरं आहे. ताटाच्या मधोमध ठेवलेली वाटी जरा सरकली तर वाढणारीला लगेच खटकतं, ती काही पट्टी घेऊन मोजत नाही. मग पुढेही तेच केलं. लक्ष्याचा डाग गोल, तर माशी खांबासारखी कशाला? तिथंही गोल कडंच हवं. डोळ्याजवळ भोक, भोकात पुढचं कडं, कड्यात काळा डाग आणि डागाभोवती सगळीकडून सारखी पांढरी रेघ. ती रेघ सारखी दिसली की चाप ओढा.

भोकाचा आणखी एक फायदा माझ्या वयाच्या वाचकांसाठी सांगतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि हातभर अंतरावरची माशी विरघळू लागते. हुकलेल्या नेमाचं खापर मग वाऱ्यावर फोडलं जातं. पण बारीक भोकातून पाहिलं की पुसट वस्तूही बरीच स्पष्ट होते. खोटं वाटत असेल तर चष्मा काढा, अंगठा आणि तर्जनी यांत टाचणीच्या डोक्याएवढी फट ठेवा आणि उजेडात ओळीवर धरा. वाचता येईल. मात्र बायको बघत नसताना करा.

आता त्या कड्याचं भोक केवढं हवं? आमच्या घरचा वायसरचा तंटा तो हाच. दहा मीटरच्या एअर रायफलला लक्ष्याचा काळा भाग साडेतीस मिलिमीटरचा आणि त्यातला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. खसखशीएवढा! दहा मीटरवरून तो कुणाच्या बापाला दिसत नाही. म्हणजे ज्यासाठी सगळा अट्टहास तो ठिपका नेमबाज बघतच नाही. तो बघतो फक्त कडं आणि पांढरी रेघ. पन्नास मीटरला काळा भाग 112.4 मिलिमीटरचा, दहाचं कडं 10.4चं. कडं लहान घेतलं तर पांढरी रेघ इतकी बारीक होते की ती लुकलुकते. नेमबाज 'आता, आता' करत अडखळतो आणि हात थरथरायला लागतो. कडं मोठं घेतलं तर डाग त्यात निवांत तरंगतो. मन शांत राहतं, पण जरा सरकला तर पटकन कळत नाही. बुजऱ्या माणसाला मोठं कडं, असं नातीच्या कोचबाई म्हणतात. म्हणून डबीत इतक्या चकत्या. तीन पूर्णांक आठ, चार, चार पूर्णांक एक... उजेड बदलला, चकती बदलली. मूड बदलला, चकती बदलली.

मधल्या काळात लष्करानं गोल डाग सोडून माणसाच्या आकाराचे पुतळे उभे केले. अमेरिकन सैन्यात 1950 नंतरच्या दशकात उभे राहणारे आणि गोळी लागताच पडणारे पुतळे आले. रणांगणावर कुणी छातीवर काळा चांद लावून येत नाही, हे त्यांचं म्हणणं बिनतोड आहे. तरीपण मला तो गोल डागच बरा वाटतो. कुठल्याही प्राण्यासारखा न दिसणारा, कुणाचंही नाव नसलेला.

नाव नाही, पण नंबर असतो. इतक्या माश्या झाल्या, कडी झाली, भोकं झाली. पण हे लक्ष्य तुझं नव्हे, शेजाऱ्याचं आहे, असं सांगणारी माशी अजून कुणी काढलेली नाही.

22 ऑगस्ट 2004. अथेन्सचं ऑलिंपिक. पन्नास मीटर, तीन पोझिशन. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स. दोनच दिवसांपूर्वी उसन्या रायफलीनं सुवर्णपदक मिळवलेला. शेवटच्या गोळीआधी तो तीन गुणांनी पुढे. फक्त 7.2 हवे होते. असल्या माणसाला तेवढे झोपेतही मिळतात. त्यानं गोळी झाडली. पडद्यावर काहीच आलं नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यानं पंचांना खुणावलं. पंच जमले, कुजबुजले. मग कळलं, की तिसऱ्या नंबरच्या लक्ष्यावर ऑस्ट्रियाच्या प्लानरच्या गोळीखेरीज आणखी एक गोळी आहे. एमन्स दुसऱ्या नंबरवर उभा होता. शून्य! पहिल्यावरून थेट आठवा. सोनं चीनच्या जिया झानबोला. एमन्सनं नंतर सांगितलं, एरवी तो आधी नंबर बघतो आणि मग रायफल खाली लक्ष्यावर आणतो. त्या वेळी मन शांत ठेवण्याच्या नादात नंबर बघायचा राहिला.

त्या रात्री मी झोपलो नाही. हिनं विचारलं, "अहो, अमेरिका हरली तर तुम्हाला काय झालं?"

एमन्सचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. त्याच संध्याकाळी चेक नेमबाज कातेरिना कुर्कोवा त्याचं सांत्वन करायला आली. 2007 मध्ये दोघांचं लग्न झालं. चुकीच्या लक्ष्यावर गोळी मारून बरोबर ठिकाणी लागल्याचं इतिहासातलं हे एकच उदाहरण. 2008 ला बीजिंगमध्ये तो पुन्हा शेवटच्या गोळीपर्यंत पुढे होता. चाप अवेळी दबला, 4.4 आले, चौथा. 2012 ला लंडनमध्ये शेवटची गोळी 7.6, पण कांस्यपदक मिळालं. तीनदा भर मैदानात जगासमोर चुकला आणि तीनदा चूक माझी म्हणाला. मला पाच-पन्नास पोरांसमोर एकदा म्हणता आलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका लग्नात माझा तो शेजारी भेटला. सैन्यात गेलाच नव्हता. एसटीत कंडक्टर होता, केस पिकलेले. पंगतीत योगायोगानं पुन्हा माझ्या उजव्या हाताला. मी त्याला एमन्सची गोष्ट सांगितली. मिल्नरची सांगितली. पंगत उठायच्या बेतात आली तरी मी 1874 आणि 2004 च्या मधल्या सालाला हात घालेना. शेवटी तोच म्हणाला, "आता बहात्तर सालाचं बी सांगून टाक की."

"तुला ठाऊक होतं?"

"न्हाई तर काय! तुजी नळीच माज्याकडं वळल्याली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हनलास, सगळ्या भाईर गेल्या. म्हटलं, गडी सोताच इतका खाली बसलाय, आता आनि कुठं ढकलायचा?" त्यानं जिलबीचा तुकडा मोडला. "राग त्याचा न्हाई आला. पाचांतली एक बी धड चांदात न्हाई मारलीस, त्याचा आला. माजा कागद कसला देखणा हुता!"

तो कागद त्यानं कितीतरी वर्षं जपला होता. पुढे घर पावसात गळलं तेव्हा गेला.

2010 मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला पन्नास मीटर प्रोनची जगज्जेती झाली, तेव्हा त्याचा फोन आला होता. 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, 451.4 गुण. स्पर्धा तीच, एमन्सची. पोरगं तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होतं. त्या दिवशीही फोन आला. "बघ," तो म्हणाला, "आमच्या तालुक्याचा! आनि तो बी तिकीट बघनाराच!" मग जरा थांबून, "शेजारी कोन हुतं रं त्याच्या?"

चकती नळवाल्याकडून परत मिळाली. त्यानं ती किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली होती. मी ती धोतराच्या सोग्यानं पुसून नातीच्या डबीत चार पूर्णांक एकच्या कप्प्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर रेंजवर गेलो.

"तुझा नंबर कितवा?" मी विचारलं.

"अकरा."

"झाडायच्या आधी वर बघत जा बरं. प्रत्येक वेळी."

"आबा," ती डबी उघडत म्हणाली, "ते पहिल्याच दिवशी शिकवतात."

पहिल्याच दिवशी आम्हालाही शिकवलं होतं.